एक्केचाळीस नंबरचं फोल्डर

एल एस मारलं आणि खाली काहीच आलं नाही.

परत मारलं. एल, एस, एन्टर. काळ्या स्क्रीनवर फक्त ती बारीक पांढरी काडी लुकलुकत होती. रोज तिथे नंबर यायचे, एक, दोन, तीन करत पार अठ्ठावनपर्यंत. एकेक नंबर म्हणजे एकेका मुलाचं फोल्डर. आता एकही नाही. मी खुर्चीवरून उठले, परत बसले, तळहात ओढणीला पुसले, परत टाईप केलं, या वेळी एकेक अक्षर बोटाने बघून बघून दाबलं, म्हटलं माझंच स्पेलिंग चुकलं असेल. दोन अक्षरांत काय स्पेलिंग चुकणार? नाही आलं काही.

दाराच्या बाहेर, बाकावर, एक्केचाळीस नंबरची आई बसलेली. तिची मुलगी जाऊन महिना झाला होता. तापाने गेली, चार दिवसांत. आणि ती मुलीचा आवाज न्यायला आली होती. मीच म्हटलेलं तिला, बसा ना, पाच मिनिटांत देते.

मी नीट सांगते. मला सांगताना दम लागतो, लिहिताना पण लागतो, मधेच इकडचं तिकडे होतं, पण सांगते.

अंबरनाथला आमचं सेंटर आहे, स्टेशनच्या पूर्वेला, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर. आमचं म्हणजे मॅडमचं. जी मुलं बोलत नाहीत, उशिरा बोलतात, अडखळतात, त्यांना मॅडम बोलायला शिकवतात. मी तिथे आधी आई म्हणूनच गेलेली. माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी "आ" आणि "ऊं" सोडून काही नव्हतं. बदलापूरला, शिरगावात आमच्या घरी सगळे म्हणायचे, बोलेल गं, हिचा बाप पण उशिरा बोललेला. मला धीर नव्हता. मी बदलापूरहून तिला कडेवर घेऊन अंबरनाथला यायची, आठवड्यातून तीनदा, आणि बाहेर बाकावर बसून रडायची. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "रडायला येतेस तर काम तरी कर. रजिस्टर लिही, मुलांना आत सोड." तेव्हापासून मी तिथेच. माझी मुलगी आता इतकी बोलते की मॅडम म्हणतात, हिला थोडं कमी बोलायचं पण शिकवायला पाहिजे.

सेंटरचा एक नियम आहे. आईने आत यायचं नाही. मॅडम म्हणतात, आई समोर असली की मूल बोलत नाही, बोट दाखवतं आणि आई आणून देते, मग तोंड कशाला उघडेल. म्हणून आया बाहेर बाकावर. दाराला काच आहे, मुलं सारखी त्या काचेतून आईला शोधायची, म्हणून मॅडमनी सांगितलं काचेला कागद लाव. लावला. मीच लावला, निळा घोटीव कागद, चारी बाजूंनी टेप मारून.

आत तीन जणं. मूल, मॅडम आणि मी. मी माईक धरते. प्रत्येक मुलाचं रेकॉर्डिंग होतं, कारण मूल पुढच्या महिन्यात किती सुधारलं ते ऐकूनच कळतं. हे रेकॉर्डिंगचं सगळं मॅडमच्या दिरांनी बसवून दिलं. ते पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात. दोन दिवस आलेले, जुन्या कॉम्प्युटरवर काय काय केलं, आणि मला म्हणाले, "ताई, आता हे तुम्ही सांभाळायचं."

मी म्हटलं, "सर, माझं दहावीला इंग्लिश राहिलंय. परत बसलेच नाही."

"इंग्लिश कुठंय त्याच्यात. दहा-बारा ओळी आहेत. पाठ करा, आरतीसारख्या."

मी वहीत लिहून घेतल्या. इंग्लिश अक्षरं जशीच्या तशी, आणि खाली मराठीत माझ्यासाठी, याने काय होतं. त्यांनी समजावलं पण छान. म्हणाले, हा प्रोग्रॅम आहे ना, तो उघड्यावर नाही, एका डब्यात बंद आहे, त्याला कंटेनर म्हणतात. डब्याचं नाव ठेवलंय बोलकी. मुलांचा आवाज असतो म्हणून बोलकी. कॉम्प्युटरला बाहेरून काही विचारलं तर डब्यातलं दिसत नाही. डब्याच्या आत जाऊन विचारायला लागतं. आत जायची ओळ म्हणजे डॉकर, एक्झेक, मग डॅश देऊन आय टी, मग बोलकी, मग बॅश. एन्टर मारायचं. ओळीची सुरुवात बदलली की समजायचं आपण आत आलो. आता जे टाईप कराल ते डब्याच्या आत होणार. एल एस म्हणजे इथे काय काय आहे दाखव. एक्झिट म्हणजे बाहेर. मग बाहेर येऊन कॉपीची ओळ, म्हणजे आतलं फोल्डर बाहेर येतं, ते पेन ड्राइव्हवर नाहीतर आईच्या मोबाईलमध्ये टाकायचं.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा माझी छाती अशी धडधडलेली, जशी कोणाच्या घरात न विचारता शिरले. पण शिकले. नंतर तर मी मान वर न करता टाईप करायची. बाकावरच्या आया मला कॉम्प्युटरवाली म्हणायच्या. एक म्हणायची, "हिला बघा, घरी फोन लावायला मुलगी शिकवते, इथे मॅडमची इंजिनीयर." मी हसायची. खरं सांगते, मला बरं वाटायचं. मला कोणी आजपर्यंत काही येतं म्हणून चिडवलं नव्हतं.

एक्केचाळीस नंबर आली ती दिवाळीनंतर. उल्हासनगर कॅम्प एकहून यायची आईबरोबर. सिंधी लोक, बटणं, चेन, लेस अशा शिलाईच्या सामानाचं दुकान त्यांचं. माझं माहेर कॅम्प एकलाच, अगदी त्यांच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे आमचं लगेच जमलं. मुलगी पाच वर्षांची होती. केस कुरळे, हातात नेहमी एक मोठं लाल बटण, दुकानातलं, ते कोणाला द्यायची नाही. बोलायची काहीच नाही. तिची आई बाहेर बसून मला म्हणायची, "दीदी, मला ना पूरा सेंटेन्स नको. एक वेळ मम्मी बोलली, बस. शिव्या दिल्या तरी चालेल, पण मम्मी बोलू दे."

चार महिने गेले. मग एक दिवस ती बोलली, आत, मॅडमच्या आणि माझ्यासमोर. एक शब्द नाही, दोन. जोडून. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, रजिस्टरमध्ये लिहिलं, दोन शब्द जोडले, आणि बाहेर जाऊन तिच्या आईला सांगितलं, दोन शब्द बोलली, कुठले ते रेकॉर्डिंगमध्येच ऐका. तिची आई एवढी रडली की तिने मॅडमचे पाय धरले. मला म्हणाली, "दीदी, मला ऐकव ना." मी म्हटलं, आज गर्दी आहे, शनिवारी मोबाईलमध्येच टाकून देते, घरी सगळ्यांना ऐकवा.

शनिवारी ती आली नाही. मुलीला ताप होता. पुढच्या शनिवारपर्यंत मुलगीच नव्हती.

मग महिन्याने ती एकटी आली. मंगळवार होता, दुपारची वेळ. मंगळवारी मॅडम बदलापूरला कात्रपच्या नव्या सेंटरला असतात, अंबरनाथला मी एकटी, मुलांना खेळायला ठेवते फक्त, आणि मुलं अजून यायची होती. ती बाकावर तिच्या नेहमीच्या जागेवर बसली. माझी मुलगी लगेच तिच्या मांडीवर चढली. मुलांना काय कळतं.

ती म्हणाली, "दीदी, व्हिडिओ आहेत माझ्याकडे. बड्डेचे आहेत, लग्नातले आहेत. पण त्यात ती गप आहे. आवाज इथेच आहे ना तिचा."

मी म्हटलं, "बसा ना. पाच मिनिटांत देते."

आत आले, दार लावलं. वही काढली नाही, गरजच नव्हती. डॉकर, एक्झेक, बोलकी. एन्टर. आणि खाली इंग्लिशमध्ये एक ओळ आली जी कधी आली नव्हती. त्यात एरर होतं, तेवढं मला वाचता आलं. सकाळी लाईट गेलेली, दोनदा, आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली आहे, कॉम्प्युटर धाडकन बंद पडलेला, मीच परत चालू केला होता. असं आधी पण झालेलं, तेव्हा मी सरांना फोन करायची, ते पुण्यातूनच काहीतरी करायचे आणि म्हणायचे, झालं. मी सरांना फोन लावला. नाही उचलला. परत लावला. नाही.

बाहेरून माझी मुलगी ओरडत होती, "आई, ये ना. आई, बघ ना, आंटीने बटण दिलं."

 म्हटलं, आता काय करू, ती बसलीय, तिला परत कसं पाठवू. शाळेत गणित अडलं की बाई म्हणायच्या, मधेच खोडत बसू नका, पहिल्या पायरीपासून करा. भाकरी फाटली तरी मी तेच करते, गोळा परत मळते. म्हटलं पहिल्यापासून करू. वहीचं पहिलं पान काढलं, ज्या दिवशी सरांनी सगळं बसवलं त्या दिवशीच्या ओळी. त्यात होतं डॉकर, रन, आणि पुढे लांबच लांब. माझ्या अक्षरात खाली लिहिलेलं, याने बोलकी सुरू होते. मला वाटलं, मिळालं. बोलकी बंद आहे, याने सुरू होते.

टाईप केलं. तीनदा चुकलं, चौथ्यांदा बरोबर आलं. एन्टर. परत एरर, या वेळी मोठी, तीन ओळींची. मी मोबाईल काढला, कॅमेरा स्क्रीनवर धरला, मराठी करून दाखवतं ना ते. आधी अक्षरं नाचत होती. मग स्थिर झाली. लिहिलेलं, बोलकी हे नाव आधीच वापरात आहे. हे नाव पुन्हा वापरण्यासाठी तुम्हाला तो कंटेनर काढून टाकावा लागेल. मधे कंस होता, कंसात लिहिलेलं, किंवा नाव बदला. मी कंसातलं सोडलं. धडा वाचताना कंसातलं सोडून वाचायची सवय मला लहानपणापासून.

तुम्हाला काढून टाकावा लागेल. मशीनच सांगतंय. मी मशीनला उलट विचारणारी कोण? मी सरांना नाही विचारलं कधी, मॅडमना नाही, घरात कोणाला नाही. सांगितलं की करायचं.

काढून टाकायची ओळ पण होती वहीत. सरांनी एकदा ट्रायलचा डबा काढलेला तेव्हा मीच हौसेने लिहून घेतलेली. डॉकर, आर एम, बोलकी. मारली. मला वाटलं आता विचारेल, नक्की का, हो की नाही. मोबाईलमध्ये एक फोटो पुसायचा तरी विचारतो. काही विचारलं नाही. फक्त खाली नाव लिहून दाखवलं. बोलकी. बस.

मग रन मारलं आणि या वेळी एरर नाही. मग एक्झेक मारलं आणि ओळीची सुरुवात बदलली, आत गेले मी. एवढा आनंद झाला मला, मी एकटीच हसले. म्हटलं बघ, जमलं, सरांशिवाय जमलं, आता सर फोन करतील तर सांगेन. बोट न थांबवता एल एस मारलं.

तिथून तुम्हाला माहितीच आहे.

सरांचा फोन आला तेव्हा मी जमिनीवर बसलेली, टेबलाला पाठ लावून. ते म्हणाले, "बोला इंजिनीयर, किती मिस्ड कॉल." मी म्हटलं, सर, आत काहीच नाही. ते म्हणाले, "घाबरू नका. काय काय टाईप केलं ते सांगा, पहिल्यापासून, एकेक." मी वहीत बोट ठेवून सांगत गेले. आर एमवर आले आणि त्यांनी मला थांबवलं.   

म्हणाले, "ताई, बदलापूरला सॅम्पल फ्लॅट बघितलाय कधी?"

मी म्हटलं, हो. शिरगावला आमच्याच रस्त्याला आहे. जाऊबाईंबरोबर बघायला गेलेली.

"तो बघून बिल्डर तसेच दहा फ्लॅट बांधतो ना. भिंती त्याच, खिडक्या त्याच. पण सामान ज्याचं त्याचं. एक्झेक म्हणजे आपल्या फ्लॅटचं दार उघडून आत जाणं. रन म्हणजे सॅम्पलवरून नवीन फ्लॅट बांधणं. आणि आर एम..."

 मीच म्हटलं, "आर एम म्हणजे आपला फ्लॅट पाडला."

"सामानासकट," ते म्हणाले. "सामान बाहेर एका जागी ठेवायची सोय असते, ताई. मी करणार होतो. ट्रायल म्हणून चालू केलं आणि करतो करतो म्हणत राहून गेलं. ही माझी चूक आहे."

मी म्हटलं, "सर, मग मी काय करायला पाहिजे होतं? लाईट गेल्यावर?"

"स्टार्ट. डॉकर, स्टार्ट, बोलकी. तो बंद पडलेला फक्त. सगळं आत होतं."

सगळं आत होतं. हे वाक्य मला भांडी घासताना ऐकू येतं, मुलीची वेणी घालताना ऐकू येतं.

त्यांनी दोन दिवस प्रयत्न केले, पुण्याहून, एवढंच मला माहीत. दिवाळीला त्यांनी एकदा पेन ड्राइव्हवर सगळं घेऊन ठेवलेलं, ते मिळालं, छत्तीस नंबरपर्यंत. एक्केचाळीस त्याच्यानंतरची.

त्या दिवशी मी तोंड धुऊन बाहेर गेले. ती माझ्या मुलीला बटणाने टिकटिक कसं वाजवायचं ते दाखवत होती. मी म्हटलं, "लाईटचा प्रॉब्लेम झालाय. कॉम्प्युटर बंद आहे. शनिवारी या ना."

तिने माझ्याकडे बघितलं. माझे डोळे लाल असणारच. ती म्हणाली, "अरे दीदी, तू का टेन्शन घेते. मशीन आहे, होतं असं. मी येते शनिवारी. मला आता टाईमच आहे." आणि माझ्या गालाला हात लावला. तिने मला समजावलं. तिने.

संध्याकाळी मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं मॅडम ओरडतील, काढून टाकतील, माझ्या मुलीचं पण बंद होईल. ओरडल्या नाहीत.  म्हणाल्या, "बाकी मुलांचं परत रेकॉर्ड करू. ती उद्या परत बोलतील." मग म्हणाल्या, "तिला सांग, त्या दिवशी माईक बंद राहिला. रेकॉर्डच झालं नाही."

"खोटं सांगू?"

"अगं, होतं आणि गेलं, असं सांगितलं तर ती दुसऱ्यांदा मरेल. नव्हतंच, म्हटलं तर निदान एकदाच." मग त्यांनी विचारलं, "काय बोललेली गं ती? मी दोन शब्द जोडले एवढंच लिहिलंय. कुठले ते लिहायचं राहिलं. सिंधीत काहीतरी होतं ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्याकडे कोणी आलं, त्यांनी फोन ठेवला. नंतर त्यांनी परत विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

शनिवारी ती वेळेच्या आधी आली. मोबाईल पुढे केला. म्हणाली, "जागा केली मी. गाणी, बाकीचे फोटो, सगळं डिलीट मारलं. फक्त तिचे ठेवले. आता कितीपण मोठं असेल तरी बसेल."

मी माईक बंद होता असं बोलायला तोंड उघडलं आणि ते वाक्य आलंच नाही. मी म्हटलं, "माझ्याकडून पुसलं गेलं."

तिने मोबाईल तसाच पुढे धरलेला.

"लाईट नव्हती गेली फक्त. म्हणजे गेलेली, पण नंतर मी चुकीचं दाबलं. सगळं गेलं. सरांनी बघितलं, नाही येत परत."

"पूरा?"

"हो."

"दुसऱ्या बच्च्यांचं पण?"

"हो. बऱ्याच जणांचं."

तिने मान हलवली, हळूहळू, जसं कोणी दुकानात माल संपला म्हटल्यावर हलवतं. मोबाईल पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली. उघडली, परत लावली. मी वाट बघत होते, शिवी दे, थोबाडीत मार, काहीतरी कर. 

मग ती म्हणाली, "तू आत होतीस ना."

"हो."

"माईक तूच धरते ना. मग तू ऐकलं असेल. मशीन राहू दे. तू सांग, काय बोलली."

मी म्हटलं, "मम्मी."

तिने डोळे मिटले. "साफ बोलली?"

"साफ."

"कशी? तशी बोलून दाखव ना."

मी बोलून दाखवलं. मुलीने म जरा ओढलेला, ओठ दाबून, आणि शेवटी आवाज वर नेलेला, जसं विचारतेय. मी तसंच केलं. माझा आवाज जाडा आहे, तिच्यासारखा नाही, पण मी केलं. तिने मला परत करायला लावलं. परत. चार-पाच वेळा. बाकावरच्या दोन आया उठून बाहेर गेल्या.

"आणि दुसरा?" ती म्हणाली. "मॅडमनी दोन सांगितलेले. मम्मीच्या पुढे काय होतं?"

मी म्हटलं, "दुसरा नाही आठवत."

"याद कर ना, दीदी."

"खरंच नाही आठवत."

ती उठली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

आता तुम्हाला सांगते. मला आठवतंय. मरेपर्यंत आठवेल. मॅडम तिला चित्राचे तुकडे जुळवायला देत होत्या, निळी मोटार होती. तिने तुकडा खाली ठेवला. लाल बटण मुठीत घट्ट धरलं, मान वळवली, दाराकडे, त्या काचेकडे जिच्यावर मी कागद लावलेला, आणि म्हणाली, मम्मी, अच.

अच म्हणजे ये. कॅम्प एकला लहानपणापासून ऐकलाय मी तो शब्द, शेजारच्या काकी आम्हाला पण तसंच बोलवायच्या. मॅडमना अर्थ माहीत नव्हता, त्यांना दोन शब्द जोडले याचाच आनंद. मला माहीत होता. पण मॅडम टाळ्या वाजवत होत्या म्हणून मी पण वाजवल्या. हाताला गोल स्टिकर लावला तिच्या. सेशनची दहा मिनिटं बाकी होती. ती अजून दोनदा दाराकडे बघून गप्प झाली. दार तीन पावलांवर होतं, पलीकडे तिची आई खाऊचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. मी उठले नाही. नियम होता.

सरांनी आता सगळं सामान बाहेरच्या जागी ठेवायची सोय केली, डबा पाडला तरी आवाज जात नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहिलंय, आधी स्टार्ट. काचेचा कागद मी खालून एका कोपऱ्यात फाडला, मूल उभं राहिलं तर एक डोळा लावता येईल एवढा. मॅडमना दिसलाय तो, त्यांनी परत कागद लावायला सांगितलं नाही.

ती अजून येते. दर शनिवारी नाही, पण येते. येताना बटणं आणते, मुलांना ओवायला लागतात म्हणून. बाकावर तिच्या जागेवर बसते, नवीन आयांना सांगते, घाबरू नका, बोलतात, माझी पण बोललेली. मग मी बाहेर आले की उठून जवळ येते, आवाज बारीक करते.

"दीदी, आठवला का गं दुसरा शब्द?"

तो शब्द आता फक्त माझ्याकडे आहे. नाही दिला तर तिची मुलगी अर्धीच राहते. दिला तर तिला कळणार की पोरगी तिला बोलवत होती, ती तीन पावलांवर बसलेली, आणि आम्ही दार उघडलं नाही.

परवा शनिवार आहे. तुम्ही पण कोणाची तरी आई असाल, कोणाचं तरी लेकरू असाल. तुम्ही काय केलं असतं?